कॅम्पातल्या बागेत ऐकलेला गुंजीचा कॉल

आधीच सांगून टाकतो — भूत, करणी, चकवा, दृष्टांत... यातल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता. ऑफिसात दुपारच्या चहाला असले विषय निघाले की मी कप घेऊन व्हरांड्यात जायचो. मी बेळगावला तार ऑफिसात आहे, लोक तारमास्तर म्हणतात. कानावर येईल तेवढंच कागदावर उतरवायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही, ही आमच्या कामाची शिस्त. खालचा मजकूरही मी त्याच शिस्तीनं लिहितोय.

आपल्या मासिकात वाचकांचे असे अनुभव येतात. बायको ते मोठ्यानं वाचते आणि मी हसतो. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "दुसऱ्यांना हसता ते ठीक आहे. मग आपलं ते काय होतं?" म्हणून हे पत्र.

गोष्ट लढाईच्या दिवसांतली. ज्यांनी बेळगावचा कॅम्प पाहिलाय त्यांना ठाऊक असेल — एरवी शांत, झाडीची वस्ती. चर्चची घंटा, शाळेची घंटा, एखादा टांगा, एवढाच आवाज. पण त्या दिवसांत लॉऱ्या, परेडी, नव्यानं भरती झालेले तरुण आणि त्यांना भेटायला गाठोडी घेऊन आलेल्या आया, असा सगळा कल्ला असायचा. आणि तारा. पूर्वी दिवसभरात येत तेवढ्या आता तासाभरात यायच्या.

तारेचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या यंत्राला फक्त "कट्ट" म्हणता येतं. दांडी खाली आपटली की एक कट्ट, वर गेली की दुसरा कट्ट. त्या दोहोंमधली फट आखूड की लांब यावरून अक्षर ओळखायचं. नवशिका माणूस फटी मोजतो. काही वर्षांनी मोजावं लागत नाही, कान आपोआप वाचतो. शेजारी बसून तुम्ही माझ्याशी गप्पा मारा, मी तुम्हाला हो-हो म्हणेन आणि हात तार लिहीत राहील... असा आमचा कान तयार होतो.

त्या कानानं एकदा दगा दिला.

पलटणीच्या कचेरीसाठी एक तार आली. एक शिपाई लढाईत कामी आला होता. नाव आपल्या भागात दर गावात दोन सापडतील असं. नावापुढच्या नंबरात माझ्याकडून एक आकडा चुकला. त्या नंबरावरून सदलग्याच्या एका घरी निरोप गेला. तिथला मुलगा जिवंत होता, धडधाकट होता. चौथ्या दिवशी चूक ध्यानात आली. तोपर्यंत त्याच्या बायकोनं बांगड्या फोडल्या होत्या.

वरिष्ठ फारसे बोलले नाहीत. कामाचा ताण सगळ्यांनाच दिसत होता. पण त्या मुलाचा बाप एके दिवशी ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. शिव्या देईल, अंगावर येईल, म्हणून मी मान खाली घालून थांबलो. तो म्हणाला, "मास्तर, पोरगं हाय न्हवं? मग झालं तर. तुमी जेवत-खात जावा. लई वाळलाय." आणि निघून गेला.

त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर माझा कान थांबेना. पन्हळीचं ठिबकणं, टांग्याच्या घोड्याच्या टापा, शेजारच्या शिंप्याचं मशीन, बायकोचा अडकित्ता... जे वाजेल ते मी वाचायला लागलो. अर्थ काहीच नाही. नुसती अक्षरं. त्यांची पुढं नावं व्हायची, नंबर व्हायचे. अंथरुणावर दोन्ही कान तळहातांनी गच्च दाबले तरी आतले ठोके जात नसत. झोप गेली. जेवण गेलं.

बायकोनं मला ठळकवाडीतल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "औषध देत नाही. महिन्याची रजा घ्या. रोज सकाळी कॅम्पातल्या बागेत जाऊन दोन तास बसायचं. वर्तमानपत्र न्यायचं नाही. घड्याळ घरी ठेवायचं."

"आणि काय करायचं?"

"काही नाही करायचं. तेच औषध. महिन्यानं या. ठोके थांबले असतील तर कामावर जा म्हणून लिहून देईन. थांबले नसतील तर..." त्यांनी चष्मा पुसला. "तर तारेच्या कामाला तुम्ही लायक राहिला नाहीत, असं मला लिहावं लागेल. खोटं सांगू नका. अजून एखादा नंबर चुकायला नको."

तो शेवटचा शब्द मला लागला. पण खरा होता.

ती बाग काही फार मोठी नाही. पूर्वी कुण्या साहेबाला झाडांचा नाद होता म्हणतात. त्यानं देशोदेशीची झाडं आणून लावली आणि प्रत्येकाच्या बुंध्याला पत्र्याची पट्टी ठोकली, त्यावर लॅटिन नाव आणि झाड मूळचं कुठलं त्या मुलखाचं नाव. सिल्व्हर ओकची रांग, ताडासारखी पण ताड नसलेली उंच झाडं, एक कापराचं झाड, ज्याचं पान चुरगळलं की देवघरात आल्यासारखं वाटतं. मधोमध बँडचा गोल चबुतरा होता, लढाईमुळं बँड बंद. टोकाला रोपं करायची जागा आणि तिथं पाण्याचा हौद. हौदाच्या अलीकडं शिरीषाच्या मोठ्या झाडाखाली लोखंडी हातांचा एक बाक होता. तो माझा झाला.

बागेचा माळी यल्लाप्पा, खानापूरकडच्या एका खेड्यातला. पहिले चार दिवस तो माझ्याकडे नुसता बघायचा. पाचव्या दिवशी जवळ येऊन बसला.

"मास्तर, बरं न्हाय व्हय?"

"कानाचं दुखणं आहे."

"मग हितं कशाला बसलाय? दवाखान्यात जावा की."

"डॉक्टरांनीच इथं बसवलंय."

त्याला ते फार पटलं. "शाना हाय डॉक्टर," म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

पुढं आमच्या थोड्याफार गप्पा व्हायला लागल्या. मी पट्ट्यांवरची नावं वाचून दाखवायचो, तो हसायचा. त्याची स्वतःची नावं होती — एक "साहेबाचा शेवगा", एक "मुकं झाड", कारण त्याला फूल ना फळ. एकदा एका गंजलेल्या पट्टीवरचं लांबलचक नाव मी कसंबसं वाचलं, तर म्हणाला, "झाडाला वाचाय येत न्हाय त्ये बरं. न्हायतर ह्या नावाच्या वज्ज्यानंच वाळलं असतं."

बऱ्याच दिवसांनी मी हसलो.

पहिल्या आठवड्यात काही फरक नव्हता. यल्लाप्पाची कात्री मेंदीवर चालायची — कट्ट, कट्ट-कट्ट — आणि माझा कान त्यातून अक्षरं वेचत राहायचा. दुसऱ्या आठवड्यात मधेमधे विसर पडू लागला. पानांतून ऊन सरकताना बघायचं, खारीची पळापळ बघायची, मुंग्या पाचोळा कसा ओढत नेतात ते बघायचं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी एकदम लक्षात आलं की कात्री कधीची चालू आहे आणि मी ती वाचत नाहीये. ती नुसती कात्री आहे! मी बाकावरच झोपलो. यल्लाप्पानं अंगावर आपलं घोंगडं टाकलं असावं, कारण जाग आली तेव्हा ते होतं. घरी जाऊन सांगितलं तर बायको आधी रडली, मग तिनं शिरा केला.

तर असा मी बरा झालो होतो, हे लक्षात ठेवा. महिना भरत आला होता. सोमवारी डॉक्टरांकडं जायचं, कागद घ्यायचा, मंगळवारी कामावर. शनिवारी सकाळी मी बागेत गेलो तो खरं तर निरोप घ्यायलाच. मार्गशीर्षातली थंडी, गवतावर दव, धुकं नुकतं वर गेलेलं. यल्लाप्पा हौदाजवळ कुंड्या भरत होता. बाकी बागेत कोणी नाही. मी बाकावर बसलो, पाय लांब केले.

आणि ठोके सुरू झाले.

म्हटलं, संपलं. परत लागलं मागं. मी दोन्ही हातांनी कान झाकले... आणि आवाज बारीक झाला. हात काढले — मोठा. पुन्हा झाकले, पुन्हा बारीक. रात्री छळायचे ते ठोके कान झाकून कधी कमी होत नसत. म्हणजे हा आवाज बाहेरचा होता. कुठून तरी येत होता. धातूचा, घुमणारा, फार लांबचा वाटावा असा, पण स्वच्छ.

मला तो वाचायचा नव्हता. खरंच नव्हता. पण कान थांबतोय थोडाच?

जी. एन. जरा थांबून पुन्हा — जी. एन.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. रेल्वेच्या तारेवर प्रत्येक स्टेशनाची एक खूण असते. एखाद्या स्टेशनाला बोलवायचं तर त्याची खूण वाजवत राहायची, तिकडचा माणूस उठून जबाब देईपर्यंत. जी-एन ही गुंजीची खूण. खानापूरच्या पुढं लोंढ्याच्या वाटेवर रानात एक लहानसं स्टेशन आहे, तेच गुंजी. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तिथं वीस वर्षं स्टेशनमास्तर होते. आम्ही मूळचे निपाणीचे. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानं मला गुंजीला आपल्याजवळ नेलं, वाढवलं. मी तारेचं काम शिकलो ते दाजींच्या टेबलाशी बसून. दाजी वारल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, पण आक्कानं गाव सोडलं नाही. स्टेशनापासून थोडं आत एक छोटं कौलारू घर घेऊन एकटी राहायची. मागं विहीर, चार केळी, एक फणस. बेळगावला ये म्हणून मी किती वेळा सांगितलं, तिनं ऐकलं नाही.

तर बागेत गुंजीचा कॉल वाजत होता. प्रत्येक तारमास्तराचा हात वेगळा असतो, अक्षरावरून जसा माणूस ओळखावा तसा आम्ही ठोक्यावरून ओळखतो. हा हात कुठल्याच तारमास्तराचा नव्हता. शिकलेलाच नव्हता. फटी कमी-जास्त, दमून दमून मारलेले ठोके. पण खूण चुकत नव्हती. जी-एन, जी-एन... आणि कोणी जबाब देत नव्हतं.

न घेतलेला कॉल ऐकत बसणं ही काय चीज आहे ते आमच्या धंद्यातल्यालाच कळेल. जेवताना दारात कुणी हाका मारतंय आणि घरातलं कोणी उठत नाही, तसं होतं. माझा हात आपोआप बाकाच्या लोखंडी हाताकडं गेला आणि अंगठीनं मी जबाब वाजवला. आलो, बोला.

ठोके थांबले.

पाच-सहा श्वास घेण्याइतका वेळ सगळं शांत होतं. मग पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा मंद.

तेवढ्यात यल्लाप्पा हौदाकडून आला. हाताला चिखल तसाच. इकडंतिकडं बघत म्हणाला, "मास्तर, कोन घागर ठोकाय लागलंय ओ?"

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. "तुला ऐकू येतंय?"

"न ऐकाय काय झालं? मगाधरनं ठोकाय लागलंय. म्हटलं हौदावर कोन बाई आली काय, तर कोन न्हाय. मागं गेलतो, तिकडं बी कोन न्हाय."

"घागर कशावरून? तांबट पक्षी असेल."

"तांबट ह्या थंडीत गप असतोय, मास्तर. आनि रिकामी घागर मला कळत न्हाय व्हय? जलम गेला पानी भरन्यात."

आम्ही दोघं उभं राहून ऐकत होतो. आणखी तीन वेळा जी-एन झालं. चौथ्यांदा नुसता जी. पुढं काही नाही. शिरीषावरून पानं गळत होती तेवढाच आवाज.

मी घरी आलो तो जवळजवळ पळतच. बायकोला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "पुन्हा सुरू झालं का हो?"

"यल्लाप्पानंही ऐकलं."

ती फडताळातून भाकरी काढून फडक्यात बांधायला लागली.

"हे काय?"

"गाडीत खायला. जाऊन या गुंजीला."

"आणि सोमवारी डॉक्टर..."

"डॉक्टर कुठं पळून जात नाहीत. वन्सं एकट्या आहेत. काही नसलं तर भेटून या, दुसरं काय?"

स्टेशनावर आलो तेव्हा गाडीला अर्धा तास होता. इथं एक कबूल करायला हवं. स्टेशनाच्या तारघरात माझ्या ओळखीचे गृहस्थ होते. गुंजीला एक ओळ पाठवून, माझ्या बहिणीकडं कुणाला तरी बघायला धाडा, असं मी सांगू शकलो असतो. दारापर्यंत गेलोही. पण काय सांगणार? बागेत बसलो होतो आणि कॉल आला म्हणून? मी कशासाठी रजेवर आहे हे त्या गृहस्थांना ठाऊक होतं. मी परत फिरलो. त्या लाजेपायी आक्काला आणखी दोन-अडीच तास काढावे लागले. हे मला आजही डाचतं.

देसूर, इदलहोंड, खानापूर. त्यानंतर रान सुरू होतं. गाडी रांगत होती. मनात एकच चाललं होतं — आक्का मला बघून हसेल, म्हणेल, याड लागलं व्हय रं तुला, आणि मी म्हणेन, व्हय. देवा, असंच होऊ दे.

गुंजीला उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. नवे स्टेशनमास्तर तरुण होते, मला ओळखत नव्हते. मी विचारलं, "सकाळी नऊच्या सुमारास आपल्याला कुणी खूप वेळ कॉल करत होतं का? जबाब दिला नाही असा?"

ते दुखावले. "माझा एकही कॉल चुकत नाही, साहेब."

आक्काचं घर बंद नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. चूल गार, तवा जागेवर. मी हाक मारली. शेजारच्या घराला कुलूप होतं. ती मंडळी नंदगडाकडं लग्नाला गेली होती, हे मागाहून कळलं. मी मागच्या दारानं परसात गेलो.

विहिरीच्या पायऱ्यांशी आक्का कुशीवर पडली होती. एक पाय अंगाखाली मुडपलेला. लुगडं ओलं. शेजारी तांब्याची घागर आडवी, आणि आक्काच्या मुठीत एक गोटा. घागरीच्या पोटाला एकाच जागी पोचे पडलेले.

"आक्का! आक्का गं!"

तिनं डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते. "आलास व्हय रं, दत्तू," म्हणाली. जसा काही मी बाजारातनं आलो होतो. "पानी दे."

मी पाणी पाजलं. अंगावर घोंगडी घातली. पहाटे पाणी काढायला गेली, शेवाळावरून पाय सरकला, मांडीचं हाड मोडलं. हाका मारून मारून घसा बसला, तेव्हा हाताला लागली ती घागर आणि गोटा घेतला. स्टेशनावरच्या खलाशांनी, म्हणजे रेल्वेच्या मजुरांनी, तिला बाजल्यावर घालून गाडीपर्यंत आणलं. तो तरुण स्टेशनमास्तर स्वतः एका बाजूनं बाजलं धरून चालत होता. संध्याकाळी आम्ही बेळगावच्या दवाखान्यात होतो. तिथले सर्जन म्हणाले, वय आणि ही थंडी... रात्र उघड्यावर गेली असती तर सकाळ दिसली नसती. शेजारी परतायला अजून दोन दिवस होते.

तिला जरा बरं वाटल्यावर एका दुपारी, खाटेशेजारी बसून, मी हळूच विचारलं.

"आक्का, घागरीवर काय ठोकत होतीस गं?"

"काय म्हंजे? ठोकत होते."

"असंच, का कसं? मला दाखव."

तिनं खाटेच्या दांडीवर बोटाच्या पेरानं वाजवून दाखवलं. जी. एन. फटी कमी-जास्त, पण तेच.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कोन शिकिवनार? मला काय कळतंय त्यातलं. क्वार्टराच्या भिंतीपल्याड हे असं वाजलं की ह्ये पुढ्यातलं ताट सोडून पळायचे. वीस वर्सं बघितलं. म्हटलं, बाकी कशानं न्हाय, पर ह्या ठोक्यावर मानूस उठतंय." मग जरा थांबून म्हणाली, "मधी एकदा वाटलं, कुनीतरी जबाब दिला. म्हून हात थांबिवला. मग काय न्हायच."

मी तिला तेव्हा बागेबद्दल काही सांगितलं नव्हतं. बायकोनंही नाही. मी दोनदा खात्री करून घेतली.

डॉक्टरांकडं सोमवारऐवजी आठ दिवसांनी गेलो. खोटं सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून सगळं सांगितलं. कागद हातचा जाणार हे धरूनच गेलो होतो. ते बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिले. मग विचारलं, "त्यानंतर ठोके आले?"

"नाही."

"कात्री कशी वाजते?"

"कात्रीसारखी."

त्यांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहिलं आणि कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "बाकीचं माझ्या पुस्तकात नाही."

मी मात्र गप्प बसलो नाही. खूप शोधलं. त्या शनिवारी बागेच्या आसपास कुणी भांडी घडवत होतं का, कल्हई करत होतं का, पलटणीची मुलं टाळ्या-थाळ्या वाजवत होती का... कॅम्पात घरोघर विचारलं. नाही. आक्का म्हणाली होती, ऊन फणसाच्या बुंध्याला लागलं तेव्हा जोरात ठोकलं, मग दम संपला. पुढच्या मार्गशीर्षात मी मुद्दाम तिच्या परसात घड्याळ घेऊन उभा राहिलो. फणसाच्या बुंध्याला ऊन लागलं तेव्हा नऊ वाजत आले होते. आता गुंजी आणि बेळगावच्या मधे किती रान आहे, किती डोंगर आहेत, हे कुणीही नकाशात बघावं. घागरीचा आवाज गावच्या वेशीपर्यंत गेला तरी खूप. माझे कान आजारी होते म्हणावं, तर यल्लाप्पाचे नव्हते. त्याला मी पुढं चार वेळा उलटसुलट विचारलं. चौथ्या वेळी तो चिडला — "मास्तर, ऐकलं म्हंजे ऐकलं. कोर्टात सांगू काय?"

लढाई संपली. आक्का आता आमच्याकडंच असते. पाय जरा आखूड राहिला, काठी घेऊन चालते. रविवारी सकाळी मी तिला टांग्यातून बागेत नेतो. यल्लाप्पाची आणि तिची चांगली गट्टी जमली आहे. दोघं खानापूरकडच्या पावसावर आणि फणसांवर तासन्‌तास बोलतात, मी ऐकत बसतो.

परवाच्या रविवारी आम्ही दोघंच होतो. शिरीषाला नवी पालवी आलेली. माझ्या मनात इतकी वर्षं जे होतं ते मी शेवटी विचारलं. "आक्का, त्या दिवशी ठोकताना तुझ्या मनात मी आलो असेन ना? म्हणून मला ऐकू आलं असेल."

तिनं खरंच आठवून पाहिलं. मग मान हलवली.

"न्हाय रं. खोटं कशाला सांगू? तू बेळगावात, तुला हाक मारून काय उपेग? मी ह्यास्नी बोलवीत होते."

"दाजींना?"

"व्हय. त्येंचाच तो कॉल."

"मग मी कसा आलो?"

आक्का वर पालवीकडं बघत बसली. "त्येच," ती म्हणाली, "मी तुला इचारनार होते."